साठीनंतर एकटीने नदीतून होडीप्रवास: होडी, पाणी, शरीर आणि घरचे

पैलतीर
साठी ओलांडलेली बाई, चार ते सहा दिवस, संथ ते मध्यम वाहणारी नदी, वल्ह्याची छोटी होडी, सोबत कुणी नाही. एवढ्या चौकटीत हा धागा ठेवू या. गाइडने चालवलेल्या राफ्टमधली सफरही छान असते, पण कधी निघायचं, कुठे थांबायचं, कुठल्या काठाला लागायचं हे तिथे दुसरं कुणीतरी ठरवतं. इथे ते सगळं स्वतः ठरवायचं आहे.

'या वयात कशाला' हा मुद्दा चर्चेला नाही. ज्यांना तो मांडायचाच आहे त्यांनी वेगळा धागा काढावा.

खळाळाची प्रतवारी १ ते ६ अशी करतात. १ म्हणजे वाहतं पाणी, बारीक लाटा, लांबून दिसणारे अडथळे. २ मध्ये वाट सरळ दिसते, पण होडी वळवून न्यावी लागते. आपण प्रत १ ची नदी धरू, आणि मध्ये कुठे २ लागलीच तर तेवढा तुकडा काठाने चालून जायचा. पोहता येतं हेही गृहीत.

हवंय ते असं: होडी कोणती, दिवसाला किती अंतर, उलटल्यावर काय, शरीराचं काय आडवं येतं, घरच्यांशी संपर्क किती. 'मी गेले होते तेव्हा' नको, बारकावे द्या.

काठोकाठ
होडीपासून सुरू करते. लोक स्थिरता आणि वेग बघतात. एकटीने जायचं तर आधी वजन बघा. रोज किमान दोनदा होडी पाण्यात घालायची आणि बाहेर काढायची असते, बंधारा लागला की आणखी एकदा. काठावर चढवायला दुसऱ्याचे हात लागतील अशी होडी घेतली की मुक्कामाची जागा नदी बघून ठरत नाही, तिथे कुणी माणूस उभा आहे का हे बघून ठरते. मग एकटीने जाण्याला काय अर्थ?

ढोबळ वजनं अशी. कडक प्लास्टिकची तीन मीटरची कयाक (दोन पात्यांच्या वल्ह्याची अरुंद होडी) २० ते २५ किलो. फुगवायची कयाक १० ते १५. घडीची १० ते १४. हलक्या कंपोझिटची एकटीची कॅनू (वरून उघडी होडी) १३ ते १७. पॅकराफ्ट (पाठपिशवीत मावणारी फुगवायची छोटी होडी) अडीच ते चार. दुकानात उचलून बघितलेलं वजन फसवं असतं, कारण तिथे फरशी सपाट असते. निसरड्या, उतरत्या काठावर निम्म्याच वजनाची खात्री धरा.

आणि सामान भरलेली होडी उचलायचीही नाही, ओढायचीही नाही. आधी पिशव्या वर न्यायच्या, मग रिकामी होडी. काम कंटाळवाणं आहे आणि दमलेल्या संध्याकाळी हेच टाळलं जातं. पाठ जाते ती अशा वेळी.

चाकांची गाडी घेणार असाल तर रुंद, फुग्यासारखी चाकं असलेली घ्या. अरुंद चाकं वाळूत रुततात आणि मग होडी अधिक गाडी असं दोन्ही ओढावं लागतं.

एकूण माझं मत फुगवायच्या कयाकच्या बाजूने.

उलटी धार
वजनाचं पटलं, निष्कर्ष अर्धाच पटला. फुगवायची होडी पाण्यावर उंच बसते, त्यामुळे वाऱ्याला भरपूर अंग मिळतं. पुष्कळ खोऱ्यांत दुपारी वारा प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो. वाहत्या पाण्यात ते निभावतं. पण वाटेत धरणाचा फुगवटा असेल, म्हणजे पाणी जवळजवळ थांबलेलं, तर समोरून ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात पॅकराफ्ट जागची हलत नाही. वल्हवणं थांबवलं की मागे जाते.

सपाट पाण्यावर बरी कयाक ताशी ५ किलोमीटर सहज देते, पॅकराफ्ट ३ ते ४. म्हणून आधी नकाशावर फुगवट्याची लांबी मोजा. एकूण मार्गाच्या पाव भागाहून जास्त असेल तर फुगवायची होडी नको. नाहीतर तेवढा तुकडा पहाटे उजाडता उजाडता संपवायचा आणि दहाच्या आत काठाला लागायचं.

फुगवायची घेतलीच तर तळाची पाती (स्केग) लावल्याशिवाय निघू नका. ती नसली की प्रत्येक वल्ह्याला होडीचं नाक (पुढचं टोक) डावीउजवीकडे डोलतं, आणि ते सरळ करण्यात खांदे निम्म्या वाटेत संपतात. उथळ, दगडाळ तुकड्यात मात्र काढा, नाहीतर अडकून तिथेच तुटते.

काठोकाठ
@उलटी धार, फुगवट्याचं मान्य. फुगवायच्या होडीबद्दल एक भर: काठावर उन्हात फुगवून लगेच पाण्यात घातली की थंड पाण्याने आतली हवा आकसते आणि होडी मऊ पडते. दहा मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा पंप मारायचा. उलट, दुपारी विश्रांतीला वर ओढून उन्हात ठेवली तर दाब वाढून शिवण उसवते. वर काढली की थोडी हवा सोडायची, सावली असेल तर सावलीत. नळ्यांना बहुधा दीड ते तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाब लागतो, कडक तळाला त्याच्या काही पट. पंपावरचा काटा मानायचा, बोटाने दाबून अंदाज नाही.

नाखवा
पाण्याबद्दल लिहितो. जरा लांबेल.

आधी दिशा. 'डावा काठ' म्हणजे वाहत्या पाण्याकडे तोंड केल्यावरचा डावा. फोनवर कुणाला ठिकाण सांगताना याचा घोळ झाला की मदत पलीकडच्या काठावर जाऊन पोचते.

प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला एक मीटरचं पाणी दोन मीटरचं झालं की जोर चौपट. म्हणून गुडघ्याइतकं धावतं पाणी माणसाला पाडतं. गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि ते धावत असेल तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दोन दगडांत अडकतो, मागून पाणी ढकलतं, माणूस पुढे पडतो आणि तोंड पाण्याखाली जातं. पाठीवर तरंगायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे, हात वल्ह्यासारखे चालवत काठाकडे सरकायचं. ढुंगण वाळूला लागेपर्यंत उठायचं नाही.

याला एकच अपवाद आहे: पाण्यात पडलेलं झाड. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. तिथे पाय पुढे करून गेलं की पाय फांद्यांखाली खेचले जातात. टाळणं शक्यच नसेल तर पालथं होऊन डोकं पुढे, जोरात पोहत जायचं आणि अंग झाडाच्या वर ओढायचं. पण हे शेवटचं. संथ दिसणाऱ्या नदीत सगळ्यात जास्त जपायचं ते यालाच. झाडं वळणाच्या बाहेरच्या अंगाला पडतात, कारण पाणी तिथलाच काठ खातं, आणि होडीही तिकडेच ओढली जाते. म्हणून वळण दिसलं की आधीच आतल्या अंगाला सरकायचं. वळणात शिरल्यावर उशीर झालेला असतो.

बंधारा. वरून तो दिसत नाही. पाणी गुळगुळीत होतं, पुढे आडवी सरळ रेघ दिसते, रेघेपलीकडच्या झाडांचे फक्त शेंडे. मग आवाज. खाली पडणारं पाणी पुन्हा मागे बंधाऱ्याकडे वळतं आणि त्या फिरत्या पाण्यात माणूस आणि होडी सुटत नाहीत. त्यात हवा मिसळलेली असल्याने लाइफ जॅकेटचीही तरंगण्याची ताकद घटते. मीटरभर उंचीचा, दिसायला निरुपद्रवी बंधाराही यात येतो. नकाशावर प्रत्येक बंधाऱ्याच्या अर्धा किलोमीटर आधी खूण करा आणि तिथूनच कडेने चालवा. कुठल्या काठाने उतरायचं हे आदल्या रात्री ठरवा.

काठाला लागताना नाक प्रवाहाच्या वर, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे करून लागा. नाक खाली ठेवून लागलं की काठाला टेकताच मागचं टोक फिरतं, होडी आडवी होते आणि उतरता उतरता कलंडते. खडकामागे किंवा काठाच्या उंचवट्यामागे पाणी थांबलेलं किंवा उलटं फिरत असतं, त्याला एडी म्हणतात. उतरायला तीच जागा. एडीची रेघ ओलांडताना होडी ज्या बाजूला वळते त्या बाजूला अंग झुकवा, सायकल वळवताना झुकतो तसं. आणि खडकाला आडवं लागलात तर खडकाकडे झुका. मन उलटं सांगतं. खडकापासून लांब झुकलं की वरच्या बाजूने पाणी आत शिरतं आणि होडी खडकाला चिकटते.

नदी ओलांडायची तर नाक वरच्या दिशेला साधारण ३० अंश तिरकं ठेवून वल्हवत राहायचं. पाणी आपोआप पलीकडे सरकवतं. नाक सरळ पलीकडच्या काठाकडे धरलं तर तेवढ्याच मेहनतीत बरंच खाली वाहून जाल.

सायंतारा
नाखवा दादा, वाचूनच घाम फुटला. हे सगळं एकाच वेळी लक्षात कसं ठेवायचं?

नाखवा
ताई, सगळं नकोच. तीन गोष्टी अंगवळणी हव्यात: वळणाच्या आत राहणं, नाक वर करून काठाला लागणं, शंका आली की उतरून चालत जाऊन पुढचं बघणं. नदीवर घाई फक्त अंधाराची असते, आणि चार वाजता थांबायची शिस्त ठेवली तर तीही नसते.

काठोकाठ
उलटण्याबद्दल. होडीत पुन्हा चढता येणं ही या प्रवासाची प्रवेशपरीक्षा आहे. उघड्या डेकच्या (सिट-ऑन-टॉप) आणि तळाला निचऱ्याची भोकं असलेल्या फुगवायच्या होड्या यात सोप्या, कारण त्यांत पाणी साठत नाही, उपसावं लागत नाही. आत बसायच्या कडक कयाकमध्ये उलटल्यावर बादलीच्या बादल्या पाणी भरतं. वाहत्या नदीत ती तशीच काठाला नेऊन रिकामी करणं हा खरा उपाय.

चढायची रीत: होडी सरळ करा. होडीच्या मध्याशी, कुशीला या. दोन्ही हात पलीकडच्या कडेवर किंवा पट्ट्यावर. पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणून जोरात हलवा आणि छाती होडीवर सरकवा. हाताने अंग वर उचलायचं नाही, होडी अंगाखाली ओढायची. पोट सीटवर आलं की पाठीवर वळा आणि बसा. पाय होडीखाली लोंबकळत राहिले तर कितीही ताकद लावा, चढता येत नाही. हीच चूक जवळपास प्रत्येकीची होते.

हाताची ताकद कमी असेल तर पट्ट्याची रिकीब करा: २५ मिलिमीटर रुंद पट्टा, सीटच्या पलीकडच्या बाजूला बांधून होडीवरून अलीकडे सोडलेला, पाण्यात गुडघ्याच्या पातळीला येईल असा फास. पाय ठेवून उभं राहिल्यासारखं चढता येतं. वापर झाला की गुंडाळून वेल्क्रोखाली. पाण्यात सुटा लोंबणारा पट्टा पायात अडकतो.

सराव दोनदा करा: एकदा ताजेतवाने असताना, एकदा तासभर वल्हवून दमल्यावर. दुसऱ्या वेळी जमलं तरच जमलं म्हणायचं. सरावाला काठावर कुणीतरी असावं, पाणी छातीपर्यंत असावं.

स्वतःला होडीशी कधीही बांधू नका. वल्ह्याची दोरी असेल तर तीही मनगटाला नको.

उलटी धार
लाइफ जॅकेटचं राहिलं. पोहता येणाऱ्या वल्हेकऱ्यासाठी ५० न्यूटनचं (तरंगवण्याच्या ताकदीचं माप) चालतं, ते हात मोकळे ठेवतं. पण शुद्ध हरपली तर ते तोंड वर करून ठेवेल याची खात्री नाही. तपासणी: घालून सगळे पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांनी सरळ वर ओढायला सांगा. हनुवटीवर आलं तर माप चुकलंय. बायकांच्या छातीसाठी वेगळ्या कापाची जॅकेटं मिळतात, ती घ्या. नेहमीचं जॅकेट छातीवर चढतं म्हणून पट्टे सैल ठेवले जातात आणि पाण्यात ते कानापर्यंत येतं. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली. तीन फुंका म्हणजे मदत.

डॉ. फिरस्ती
शरीराबद्दल. आपल्या डॉक्टरांना 'फिरायला जातेय' असं सांगू नका. 'सहा दिवस रोज चार तास वल्हवणार, पाणी अमुक इतकं थंड, वैद्यकीय मदत काही तास लांब' असं सांगा. सल्ला वेगळा मिळतो.

हाडं. ठिसूळ हाडांत मणका दबण्याचा धोका सगळ्यात जास्त पुढे वाकून वजन उचलताना. होडी उचलायची क्रिया नेमकी तीच. म्हणून वर वजनाचं लिहिलंय ते सोयीपुरतं समजू नका. दुसरा धोका मनगटाचा, आणि तो पाण्यात नाही, काठावर: ओल्या दगडावर घसरून हात टेकल्याने मोडतं. चांगल्या पकडीचे बंद बूट घाला आणि होडीत एक घडीची काठी ठेवा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चश्मा असेल तर खाली पायाकडे बघताना नजर वाचायच्या भागातून जाते आणि दगड धूसर दिसतो. काठावर चालायला फक्त लांबचा चश्मा वेगळा ठेवा. दोन्ही चश्म्यांना दोरी, एक जोडी राखीव.

ठिसूळ हाडांसाठी आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट गोळी घेत असाल तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन नंतर अर्धा तास ताठ राहायचं असतं, आडवं व्हायचं नाही. तंबू गुंडाळताना वाकत-ओणवत असताना ती घेऊ नका. गोळीचा वार प्रवासात येत असेल तर त्या दिवशी आधी गोळी, अर्धा तास नदी बघत बसणं, मग आवराआवर.

खांदा. कोपर अंगाजवळ, हात खांद्याच्या वर नाही. वल्हं कंबर आणि पाठ वळवून मारायचं. नुसत्या दंडाने मारलं तर दुसऱ्या दिवशी हात वर जात नाही. तासाला दीड-दोन हजार वेळा वल्हं पाण्यात जातं, त्यामुळे वल्ह्यातले तीनशे ग्रॅम वाचवणं होडीतले तीन किलो वाचवण्याहून मोलाचं. लहान पात्याचं, हलकं वल्हं घ्या. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर दांडा आवळून धरू नका, ढकलणारा हात उघडा ठेवा. पिशव्यांच्या चेनला जाड दोरीचे फास बांधा. गारठलेल्या बोटांना बारीक टोक पकडता येत नाही.

औषधं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं तर बरं वाटत असलं तरी प्रवास तिथेच संपवून लगेच मदत घ्यायची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बराच वेळ बसून एकदम उठल्यावर चक्कर येते, आणि होडीतून उतरणं म्हणजे नेमकं तेच. काठाला लागल्यावर अर्धा मिनिट बसूनच राहा, पोटऱ्या हलवा, मग उठा. औषधांचे दोन संच, दोन वेगळ्या कोरड्या पिशव्यांत. एक वाहून गेला तर प्रवास अडत नाही.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. होडीत लघवीची सोय नाही म्हणून बायका पाणी पिणं तोडतात. मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि या वयात तो झाला की गोंधळल्यासारखंही होऊ शकतं. म्हणजे निर्णय घ्यायची वेळ आली की डोकंच जागेवर नाही. पाणी पूर्ण प्या, उन्हात दिवसाला तीन लिटरच्या आसपास (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कारणाने पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांचं माप). दर दीड तासाने काठाला लागायचा नियमच करा, पायही मोकळे होतात. उभ्याने वापरायचं सिलिकॉनचं नरसाळं मिळतं, घरी न्हाणीघरात सराव करून न्या. रात्री तंबूत रुंद तोंडाची बाटली. अंधारात निसरड्या काठावर जाण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

कानाचं यंत्र असेल तर ते कोरड्या डबीत, सिलिका जेलसोबत. पण ते काढल्यावर बंधाऱ्याचा आवाज उशिरा कळतो. म्हणून अशांनी नकाशावरच्या खुणा आणखी वर सरकवाव्यात.

सायंतारा
डॉक्टर, पाणी थंड असेल तर?

डॉ. फिरस्ती
कपडे पाण्याच्या तापमानाला घालायचे, हवेच्या नाही. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही, धाप लागते, आणि तोंड पाण्यात असेल तर पाणी आत जातं. त्या मिनिटात पोहायचं नाही. जॅकेटवर तरंगत फक्त श्वास सांभाळायचा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय नीट काम देतात, चढायचं ते तेवढ्यात. हृदयाचा त्रास असलेल्यांना तो पहिला मिनिटच धोक्याचा, त्यांनी थंड पाण्याचा हंगाम सोडून द्यावा.

पैलतीर
उत्तम चाललंय. आता घरचे. मुलांचं म्हणणं बहुधा असतं: लाइव्ह लोकेशन चालू ठेव, मग जा.

अबोली
यावर ठाम मत आहे. सतत दिसणारा ठिपका नको. जेवायला तासभर थांबलं की ठिपका थांबतो आणि फोन येतो. खोल दरीत सिग्नल गेला की ठिपका नाहीसा होतो आणि सगळं घर हवालदिल. त्या ठिपक्याला उत्तर देत देत प्रवास करायचा तर घरीच बसलेलं काय वाईट?

दिवसाला दोन संदेश ठरवा: सकाळी निघताना, संध्याकाळी मुक्कामाला. उपग्रहावरून चालणारं यंत्र असेल तर त्यात तयार वाक्यं भरून ठेवा: 'पोचले, ठीक', 'इथेच एक दिवस जास्त थांबतेय', 'प्रवास थांबवला, ठीक आहे, न्यायला या'. संकटाचं बटण वेगळं.

आणि संदेश न येण्याचा अर्थ आधी लिहून द्या. संध्याकाळचा संदेश आला नाही तर रात्री काहीही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत आला नाही तर पुढचा माणूस हलवायचा. कुणाला फोन, कुठल्या क्रमाने, तेही त्याच कागदावर. हा कागद मुलांसाठीही दिलासा असतो. 'किती वेळ वाट बघायची' हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जातो.

उलटी धार
@अबोली, तुमची दुपारी बाराची मुदत थंड पाण्याच्या नदीत फार लांब आहे. रात्रभर ओल्या कपड्यांत पडलेल्या माणसाला बारा तास मोठे असतात. ठिपका दर दहा मिनिटांनी न पाठवता दर चार तासांनी पाठवता येतो, यंत्रात तशी सोय असते. मध्यम मार्ग तो.

अबोली
उबदार हंगाम गृहीत धरला होता. थंडीत मुदत पहाटेची ठेवा, हरकत नाही. चार तासांचा ठिपका मात्र बाईने स्वतः ठरवलेला असावा, तिच्यावर लादलेला नाही. कागदात आणखी हवं ते: होडीचा रंग आणि लांबी, जॅकेटचा रंग, तंबूचा रंग, चालू औषधं, रोजच्या मुक्कामाची जागा आणि तिच्याजवळचा गाडीरस्ता. शोधणाऱ्याला नदीचं नाव पुरत नाही. भडक नारिंगी किंवा पिवळी होडी घ्या. हिरवी, करडी होडी फोटोत सुंदर दिसते आणि काठावर दिसतच नाही.

खडपी
प्रेरणा म्हणून एक नाव देतो: जॉर्जी व्हाइट क्लार्क (१९१० ते १९९२). कोलोराडो नदीवर, ग्रँड कॅन्यनमध्ये, ऐंशीच्या घरात जाईपर्यंत राफ्ट चालवत होती.

काठोकाठ
नाव थोर, पण या धाग्याला तिचा वेगळा उपयोग आहे. ती एकटी जात नसे, मदतनीस आणि प्रवासी सोबत असत. घेण्यासारखं हे की तिने साधन बदललं: तीन राफ्ट शेजारी-शेजारी बांधल्या की मोठ्या लाटेत सहज उलटत नाहीत, हे तिने वापरात आणलं. एकटीचंच उदाहरण हवं तर ऑड्री सदरलँड. साठीच्या उंबरठ्यावर, १९८० मध्ये, फुगवायच्या छोट्या कयाकमधून अलास्काच्या किनाऱ्याने सुमारे ८५० मैल. नदी नाही, समुद्र, पण होडी तीच जी मी वर सुचवली. (उलटी धार, ही टोचणी नाही. बरं, थोडी आहे.)

उलटी धार
पोचली.

नाखवा
अंतराचं गणित राहिलं. पाणी ताशी २ किलोमीटर, वल्हवणं ४, म्हणजे ताशी ६. चार तासांत २४ निघतात. तरी आखणी १५ ते १८ चीच करा. थांबे, वारा, बंधाऱ्यावरची उचलाउचल यांत बाकीचं जातं. अंतर नदीच्या वळणांवरून मोजा. नकाशावर सरळ १० किलोमीटर दिसणारा नागमोडी तुकडा प्रत्यक्षात २० भरतो. पाच दिवसांत एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा.

मोठ्या बोटी चालणारी नदी असेल तर कडेने वल्हवा. मालवाहू बोटीच्या चालकाला नाकापुढचं बरंच पाणी दिसतच नाही. ती जवळ येताना काठाचं पाणी आधी ओढलं जातं, मग लाट परत येते. काठाला टेकवलेली होडी तेव्हा आपटते. बोटी वरखाली नेणारे पाण्याचे दरवाजे (लॉक) लागले तर आत भिंतीवरची साखळी किंवा दोरी नुसती हातात धरा, बांधू नका. पाणी खाली जातं आणि बांधलेली होडी लटकते.

मुक्काम वाळूच्या बेटावर नको. वर कुठे पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं तर रात्रीत पातळी चढते. पाण्याच्या कडेला काडी रोवा, झोपण्यापूर्वी बघा. काडी पाण्यात गेली असेल तर लगेच वर सरका, सकाळची वाट बघू नका. पाणी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं याच त्याच्या खुणा. होडी पालथी करून झाडाला बांधा, तिथे चढत्या पाण्याने गाठली तरी वाहून जाणार नाही.

सायंतारा
शेवटचा प्रश्न. जायचं की नाही हे ऐनवेळी कसं ठरवायचं? सगळं भरून झाल्यावर परत फिरणं जड जातं.

नाखवा
ऐनवेळी ठरवूच नका, घरी आकडा लिहून ठेवा. बऱ्याच नद्यांवर पाण्याची पातळी आणि विसर्ग रोज जाहीर होतो, विसर्ग सेकंदाला किती घनमीटर असा. त्या तुकड्यावर नेहमी वल्हवणाऱ्यांना विचारा की कुठल्या आकड्याला काठावरच्या झुडपांत पाणी शिरतं. तो आकडा म्हणजे तुमची हद्द. झुडपांत पाणी म्हणजे काठाला लागायला जागा नाही आणि प्रत्येक फांदी अडकवणारी. त्या आकड्याच्या वर गेलं, किंवा खाली असूनही दोन दिवस सलग चढत असेल, तर निघायचं नाही. हाच नियम मधल्या प्रत्येक सकाळी. म्हणून प्रत्येक मुक्कामापासून गाडीरस्ता किती लांब हे माहीत हवं, म्हणजे तिसऱ्या दिवशी थांबावंसं वाटलं तर थांबता येतं.

पैलतीर
ही गाडीरस्त्याची यादी घरी द्यायच्या कागदावर येतेच आहे, तिचीच दुसरी प्रत होडीत ठेवायची. लॅमिनेट करून, जॅकेटच्या खिशात.

अबोली
लॅमिनेट केलेला कागद कडेने पाणी ओढतो. झिपची पिशवी बरी, आणि अक्षर मोठं, चश्म्याशिवाय वाचता येईल इतकं.